हिराकाकूंचा ओंडका आणि केतकीची परीक्षा

किनारा इतका स्वच्छ होता की मी चहाचा घोट घ्यायचा विसरलो.

सकाळची वेळ होती. हातात चहाचा कप, समोर आमचा तलाव. आदल्या सकाळपर्यंत या किनाऱ्यावर पावसाळ्यात वाहून आलेली लाकडं पसरली होती. ओंडके, फांद्या, मुळांसकट उपटून आलेली झाडं. आता काडीसुद्धा नव्हती. जणू कुणी केरसुणी फिरवून गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग बरंच झालं की! तुमचं बरोबर आहे. तुम्ही पर्यटक आहात. मी या तलावावरच्या वॉटर स्पोर्ट्स क्लबचा सेफ्टी मॅनेजर आहे. किनाऱ्यावर पडलेलं लाकूड मला आवडतं. ते दिसतं, हलत नाही आणि कुणाच्या वाटेत येत नाही. ते किनाऱ्यावरून गायब झालं तर एकच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर सहसा ओलं असतं.

"नझीरभाई," मी हाक मारली, "लाकडं कुठं गेली?"

नझीरभाई आमची रेस्क्यू बोट चालवतात. राहतात खालापुरात, घराणं मूळचं खाडीकाठचं. पाण्यावर त्यांचा हात असा हलका की बोट चालवतायत की थोपटतायत ते कळत नाही. त्यांनी हनुवटीने तलावाकडे खूण केली.

"सगळी?"

"सगळी."

"कुणी टाकली?"

"गावानं. काल दिवेलागणीला. मी बोट बांधत होतो, बघितलं. एकेक करून पाण्यात ढकलली. भांडण नाय, आवाज नाय. पोरीला सासरी धाडतात ना सर, तशी धाडली."

मी कप खाली ठेवला. त्याच दुपारी केतकीची परीक्षा होती.

केतकी कर्जतची. शाळेत पी.टी. शिकवते, चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. तीन वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन आमच्याकडे आली आणि मुलांना सोडून स्वतःच बोर्डवर चढली. तेव्हापासून सुट्टीचा प्रत्येक दिवस ती पाण्यावर काढते. आता तिला विंडसर्फिंगची इन्स्ट्रक्टर व्हायचं होतं. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. परीक्षक सीझनमध्ये एकदाच येतात. गेल्या वर्षी आले तेव्हा वारा असा पडला होता की तलावात ढग स्वच्छ दिसत होते. परीक्षा रद्द झाली. या वर्षी आमच्या डायरेक्टर मॅडमनी तिला सरळ सांगितलं होतं, "केतकी, या वेळी झालं नाही तर मला बाहेरून माणूस आणावा लागेल. बॅच थांबवून ठेवता येत नाही."

म्हणजे आज दुपारी पाणी मोकळं नसेल तर मी लाल झेंडा लावणार, आणि केतकीचं स्वप्न माझ्या हाताने बुडणार. ओंडक्यांनी भरलेल्या तलावात कुणाला उतरवायचं नाही हा पहिला नियम मीच लिहिलेला आहे.

हा नियम का, ते सांगतो. विंडसर्फिंगचा बोर्ड म्हणजे एक लांबट फळी. तिच्यावर एक काठी, काठीला शीड, आणि हाताने धरायला एक आडवा दांडा. बोर्डाखाली माशाच्या परासारखं एक पातं असतं, त्याला फिन म्हणतात. वारा शिडात भरला की हे सगळं प्रकरण पळतं. इंजिन नाही, ब्रेक नाही. आता कल्पना करा, वेगात पळणाऱ्या या बोर्डाची फिन पाण्याखालच्या लाकडाला आपटली. बोर्ड जागच्या जागी थांबतो. वर उभा असलेला माणूस थांबत नाही. तो पुढे फेकला जातो, थेट स्वतःच्याच काठीवर किंवा त्या लाकडावर. याला आम्ही कॅटापल्ट म्हणतो. लांबून बघायला ते फार सुंदर दिसतं. डोक्यावर हेल्मेट असेल तर नंतर हसताही येतं.

आता गावाने असं का केलं? त्याचा उलगडा मला क्लबच्या फाटकापासून पाण्यापर्यंत जाणाऱ्या पायवाटेवर झाला.

पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दगड लावले होते. नीट ओळीने, चुन्याने पांढरे रंगवलेले. आदल्या दिवशी मॅडमनी क्लीन-अप करून घेतलं होतं. मी पंपाचा पार्ट आणायला पनवेलला गेलो होतो. परीक्षक येणार, फोटो निघणार, म्हणून मॅडमनी मजूर लावून किनाऱ्यावरची सगळी लाकडं एका जागी रचून घेतली. लहान लहानांबरोबर, मोठी मोठ्यांबरोबर. प्रत्येक लाकडावर एक दगड ठेवलेला होता. तो बघून मॅडमना वाटलं, कचऱ्यावर आणखी कचरा. ते दगड त्यांनी उचलले आणि पायवाटेला लावले. काम बघण्यासारखं झालं होतं, यात शंका नाही.

फक्त, तो एकेक दगड म्हणजे सातबारा होता.

आमच्याकडची रीत अशी. पावसाळ्यात ओढ्यांमधून लाकूड वाहून येतं. पाण्यात उतरून ते जो ओढून काढेल, ते त्याचं. पण ओलं लाकूड त्याच दिवशी घरी नेता येत नाही. मग ते किनाऱ्यावर टाकायचं आणि वर एक दगड ठेवायचा. दगड ठेवला की विषय संपला. महिना जावो, दोन महिने जावोत, दुसरा कुणी त्याला हात लावत नाही. त्यावर नाव नसतं, खूण नसते, राखण नसते. मी मुंबईत पंचवीस वर्षं काढली. तिथे साखळीने बांधलेली बादली जाते. इथे एका गोट्याच्या भरवशावर सागाचे तुकडे उघड्यावर वाळतात. मला तर दर वर्षी ते दगड बघून टोपी काढावीशी वाटते.

मॅडम आल्या. मी त्यांना किनारा दाखवला.

"वा! साफ झालं!" त्या म्हणाल्या.

"मॅडम, ते पाण्यात आहे."

"काय पाण्यात आहे?"

"जे साफ झालं ते."

मॅडम हुशार बाई आहेत. चिडायच्या आधी विचार करतात, आणि दोन्ही वेगात करतात. "मग बोट काढा, ओढून आणा," त्या म्हणाल्या.

नझीरभाई खाकरले. "मॅडम, आनायला काय, आनू. एकेक बांधून आनला तरी दिवस जाईल. पंख्यात फांदी गेली तर बोटच ओढून आनावी लागेल. पन खरी गोष्ट वेगळी हाय. जो पान्यातनं काढंल त्याचं लाकूड. आपन काढलं तर क्लबचं झालं. मग गाव आपल्याकडं तोंड फिरवंल."

"पण ती तर त्यांचीच आहेत ना?"

"होती. तुमी दगड काढंपर्यंत."

मॅडमनी पायवाटेकडे पाहिलं. पांढरे दगड उन्हात दात काढून हसत होते. मॅडमचा चेहराही हळूहळू त्याच रंगाचा झाला.

मी स्कूटर काढली आणि गावात गेलो.

गोपाळदादा दूध घालून परत आले होते आणि रिकामे कॅन धूत होते. त्यांच्याकडे म्हशी आहेत, भाताची जमीन आहे, आणि तलावाच्या बाबतीत गाव त्यांचं ऐकतं. मला बघून त्यांनी मोठ्याने आत सांगितलं, "अगं, चहा टाक. शिट्टीवाले सर आलं." गावात माझं हेच नाव आहे.

मी म्हणालो, "गोपाळदादा, रागावलात होय आमच्यावर?"

"राग कशाचा?"

"लाकडं पाण्यात टाकलीत."

"मग काय करायचं, सर? दगड उचलल्यालं. वर लाकडं एकावर एक रचल्याली. माझं कुठलं, रामाचं कुठलं, कुनाला ठाऊक? मी म्हनायचं हे माझं, रामानं म्हनायचं त्याचं. त्यापेक्षा ज्यानं दिलं त्याला परत. पान्यानं दिलं, पान्यात टाकलं. आता पुन्हा धरायचं. जो धरंल त्याचं."

माझ्या ओळखीतल्या किती सोसायट्यांचे पार्किंगचे खटले या एका तोडग्याने मिटले असते, ते मी मनात मोजलं.

"कधी धरणार?"

"हाय की सवड. येत्या आठवड्यात बघू."

मी त्यांना केतकीची परीक्षा सांगितली. फिन सांगितली, कॅटापल्ट सांगितला. अंगणात थोडा करूनही दाखवला. मी हौशी नाटकांत काम केलेलं आहे. तुळशी वृंदावनाला धरून असा काही उडालो की गोपाळदादांच्या बायकोने चहाचा कप घाईने मागे घेतला.

"ती कर्जतची मास्तरीन का?" वहिनींनी विचारलं. "पान्यात पडली तरी हसती ती?"

"तीच."

"अहो, मग आजच जावा की! त्या बाईचं वर्स फुकट घालवता का काय? उठा, कॅन मी धुते."

गोपाळदादा उठले. उठता उठता म्हणाले, "येतो. पन दगड पायजेत. लाकूड काढल्यावर वर ठेवायचं काय? तुमचं कप?"

दगड मॅडमनी स्वतः उचलले. मी परत आलो तेव्हा त्या ओढणी कमरेला खोचून पायवाटेवरचा एकेक पांढरा दगड किनाऱ्यावर आणून ठेवत होत्या. मजुरांना हात लावू दिला नाही. "मी काढले, मी ठेवणार," म्हणाल्या. या बाईंशी माझे वाद खूप होतात. पण त्या दिवशी मी नुसता बघत राहिलो.

मग गाव आलं.

काय सांगू तुम्हाला! मी गोव्यात रेसेस बघितल्या आहेत, केरळातल्या होड्या बघितल्या आहेत. पण त्या सकाळसारखा तमाशा बघितला नाही. बाप्ये ट्रॅक्टरच्या टायरच्या ट्यूबा घेऊन पाण्यात उतरले. बायका काठावर दोर धरून उभ्या. पोहणारा लाकडाला दोर बांधायचा आणि हाक द्यायचा, काठावरून ओढ सुरू.

"अरं, तो माझ्या हातातला हाय!"

"हात लागला म्हंजे धरला व्हय? बसून दाखव!"

"ए रामा, फांदीमागं लागून दमलास का रं? बायकोला सांग, काड्यापेटीपुरतं झालं म्हनून!"

गोपाळदादा एका सागाच्या तुकड्यावर घोड्यावर बसावं तसे बसून आले आणि काठाला लागताना त्यांनी मुजरा केला. लाकूड बाहेर आलं की त्यावर एक पांढरा दगड. चुना ओल्या हातांना लागायचा आणि मग कपाळांना. थोड्या वेळाने सगळं गाव एखाद्या मिरवणुकीतून आल्यासारखं दिसायला लागलं. केतकी तेव्हाच पोचली होती. परीक्षा विसरून तीही दोर ओढायला लागली.

दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत पाणी मोकळं झालं. मी नझीरभाईंबरोबर बोटीतून पाहणी केली. कचरा कुठे शोधायचा याची एक युक्ती आहे. वारा असला की पाण्यावर फेसाचे लांब पट्टे पडतात, वाऱ्याच्या दिशेने. तरंगणारी प्रत्येक वस्तू हळूहळू त्या पट्ट्यांत गोळा होते. म्हणून सगळा तलाव चाळायची गरज नसते, पट्टे चाळायचे. आम्ही पट्टे चाळले. दोन नारळ आणि एक चप्पल. चप्पल डाव्या पायाची.

मी हिरवा झेंडा लावला.

परीक्षक डिसोझा सर गोव्याहून आले होते. उंच, शांत, काळा चष्मा. हसायचे पैसे पडतात असा चेहरा. परीक्षेला एक कोरा विद्यार्थी लागतो, म्हणजे कधीच बोर्डवर न चढलेला माणूस. त्याला शिकवून दाखवायचं असतं. आम्ही कळंबच्या एका रिसॉर्टचे अकाउंटंट ठरवले होते. त्यांनी पाणी बघितलं आणि त्यांना जीएसटीचं तातडीचं काम आठवलं.

"मी होते," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही?" मी म्हणालो.

"मी कधी चढलेय का बोर्डवर? नाही ना? मग मी कोरी."

दुपारचा वारा पश्चिमेकडून आला, अगदी हवा तसा. केतकीने मॅडमना उथळ पाण्यात उभं राहायला शिकवलं, शीड उचलायला शिकवलं. तिचं शिकवणं बघण्यासारखं होतं. ओरडणं नाही, घाई नाही. मॅडम पडल्या की केतकी हसायची, मग मॅडमही हसायच्या. नझीरभाई डिसोझा सरांना घेऊन बोटीत जवळच थांबले. मी काठावर गोपाळदादांच्या शेजारी टेकलो. सगळं छान चाललं होतं.

"झालं बाबा," मी म्हणालो. "तलाव मोकळा."

"मोकळाच," गोपाळदादा म्हणाले. "हिराकाकूचा तेवढा सोडला."

मी मान वळवली. "काय सोडला?"

"ओंडका. ऐनाचा, बेचक्याचा. तिला गोठ्याला मेढ करायची हाय त्याची."

मेढ म्हणजे वर बेचकं असलेला खांब, त्या बेचक्यात छपराचं आडं, म्हणजे आडवं लाकूड, बसतं. असं लाकूड शोधून मिळत नाही.

"पण तो बाहेर का नाही काढला?"

"तिचा हाय ना तो. कसा काढनार? आमी धरला तर आमचा व्हईल."

"अहो, मग काल पाण्यात टाकला कशाला? तो तर ओळखू येत होता!"

"तिनंच टाकला." गोपाळदादांच्या आवाजात एकदम आदर आला. "आमी म्हनलं, काकू, तुझा कळतोय, तू ठेव. तर म्हनली, माझा बेचक्याचा म्हनून मी ठेवू, आनि तुमची सरळ म्हनून पान्यात जावीत? आनि पयला तिनं ढकलला. मग गेली कडावला, लेकीकडं. मग आता सांगा सर, अशा बाईचा ओंडका कोन धरंल? आज सगळ्यांनी बघितला. कुनी हात लावला नाय."

मी गावावर फिदा आहे. तेव्हाही होतो. पण त्याच वेळी मला त्या लाकडाची जात आठवली. ऐनाचं लाकूड जड. ते तरंगत नाही, लपतं. नुसता शेंडा पाण्याबाहेर, बाकीचं धूड खाली. आमच्या भाषेत डेडहेड. आणि याला तर वर बेचक्याचे दोन सुळके होते.

"कुठं बघितला?"

"मधीच कुठंतरी. सकाळी पलीकडं होता. आता वाऱ्यानं..."

मी उठलो. शिट्टी फुंकली. लाल झेंडा चढवला. वॉकीटॉकीवर ओरडलो, "नझीरभाई, थांबवा! एक ओंडका आत आहे!"

"कुठं सर?"

"तेच माहीत नाही!"

नझीरभाईंनी बोट जागची हलवली नाही, यातच त्यांचा अनुभव. ओंडका कुठे आहे ते माहीत नसताना बोट जोरात हाकली तर पहिला धक्का बोटीलाच.

आणि नेमकी त्याच वेळी एक झुळूक आली. मॅडमच्या शिडात वारा भरला, आणि मॅडम निघाल्या.

शिकाऊ माणसाचं असं असतं. निघायला येतं, थांबायला येत नाही. थांबण्याची कृती जगातली सर्वांत सोपी आहे. हातातला दांडा सोडायचा. शीड पडतं, बोर्ड थांबतो. पण घाबरलेला माणूस नेमका दांडाच घट्ट धरतो. मॅडम दोन्ही हातांनी दांडा आवळून, डोळे मोठे करून, सरळ रेषेत तलावाच्या मध्याकडे चालल्या होत्या. वेग फार नव्हता. पण सुळक्यावर पडायला वेग लागत नाही.

केतकी तिच्या बोर्डवर मागून निघाली. वारा धरला, शीड तिरकं केलं आणि बाण सुटावा तशी गेली. मला वाटलं ती मॅडमच्या मागे जाईल. ती गेली नाही. ती वळली आणि पुढे, मॅडमच्या वाटेत आडवी गेली. तिचं लक्ष मॅडमकडे नव्हतंच. ती पुढच्या पाण्याकडे बघत होती.

मग मलाही दिसलं. मॅडमच्या समोर, पाण्यावर एक पाणकावळा उभा होता. पंख पसरून, आरामात वाळवत. सकाळच्या कल्लोळात पाखरं तलाव सोडून गेली होती. शांत झाल्यावर परत आली होती.

पाणकावळा पाण्यावर बसतो, पोहतो, बुडी मारतो. पाण्यावर उभा राहत नाही. पायाखाली काहीतरी असल्याशिवाय कुणीच राहत नाही.

"मॅडम, दांडा सोडा!" केतकीचा आवाज काठापर्यंत आला. पी.टी.च्या तासाला हजार मुलांच्या मैदानावर कमावलेला आवाज तो. "दांडा सोडा! मॅडम! अगं ए बाई, सोड म्हणते ना! सोड!"

मॅडमना आयुष्यात कुणी 'अगं ए बाई' म्हटलं नसावं. धक्क्यानेच त्यांचे हात सुटले. शीड पडलं, मॅडम मागच्या मागे पाण्यात. पाणकावळा उडाला. केतकीने आपलं शीड त्याच क्षणी टाकलं आणि बोर्ड मधे आडवा घातला. एक हात वर, बोटीला खूण: इकडे, हळू.

मॅडम वर आल्या. लाइफ जॅकेट होतं, हेल्मेट होतं. त्यांचा मोकळा सुटलेला बोर्ड केतकीच्या बोर्डाला घसटून पुढे सरकला आणि ओंडक्यावर 'खट्ट' असा आवाज झाला. तो आवाज काठावर सगळ्यांनी ऐकला.

मॅडमना आधाराला काहीतरी हवं होतं. समोर एक काळं लाकूड डोकं वर काढून होतं. त्यांनी दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली.

आणि काठावरून गोपाळदादा ओरडले, "धरला! मॅडमनी धरला!"

सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं.

केतकीने मॅडमना आपल्या बोर्डच्या मागच्या टोकावर आडवं घेतलं, शीड उचललं आणि हळूहळू काठाला आणलं. नझीरभाई मागून ओंडका बांधून घेऊन आले. मॅडम गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, केस चेहऱ्यावर, आणि पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे आता हा माझा?"

"तुमचा," गोपाळदादा म्हणाले. "रीतच हाय."

"मग मी हिराकाकूंना दिला."

"असा कसा द्याल? ती घेयाची नाय."

"तुम्ही फोन लावा."

फोन लागला. स्पीकरवर हिराकाकूंचा आवाज आला, तलावाच्या पलीकडेही ऐकू जाईल असा. "नगं! धरला तिचा! माझा हात सुटला त्याच्यावरनं!"

मॅडम म्हणाल्या, "काकू, मी शहरातली बाई. माझ्याकडे गोठा नाही. हा ओंडका मी ठेवू कुठं? हॉलमध्ये?"

पलीकडून काकूंनी विचारलं, "म्हस बी नाय व्हय तुझ्याकडं?"

"नाही."

"अरं देवा." काकूंना खरोखर वाईट वाटलं असावं. "मग ठेव माझ्याकडं. मेढ लागली की तुला जेवाया बोलावते. तवर दगड ठेव बाय त्याच्यावर, इसरू नको."

मॅडमनी दगड ठेवला. सर्वांत मोठा निवडून.

आता केतकी. ती एका बाजूला ओलीचिंब उभी होती. तिचं गणित सरळ होतं. परीक्षेत बोयांना, म्हणजे पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या खुणांना, वळसे घालून दाखवायचे राहिले होते. वारा उतरायला लागला होता. शिवाय तिने विद्यार्थिनीला, तीही आपली होणारी बॉस, अरे-तुरे केलं होतं.

डिसोझा सर बोटीतून उतरले. चष्मा काढला. "तू वळलीस का? सरळ तिच्या मागे का नाही गेलीस?"

"सर, पक्षी उभा होता."

"मग?"

"मग त्याच्या खाली काहीतरी असणार. मागून गेले असते तर दोघी त्यावर गेलो असतो."

"लाल झेंडा बघितलास?"

"नाही सर," केतकी प्रामाणिकपणे म्हणाली. "झेंडा मागे होता. मी पुढे बघत होते."

डिसोझा सरांनी मान हलवली. मग उरलेल्या वाऱ्याकडे पाहिलं. "दोन बोया घे. तेवढ्याला वारा पुरेल."

तिने घेतल्या. मरत्या वाऱ्यात तो बोर्ड वळवणं म्हणजे झोपलेल्या म्हशीला कूस बदलायला लावणं. पण तिने वळवला. दोन्ही वेळा. दुसऱ्या वळणाला गावानेच श्वास रोखला होता. ती काठाला लागली तेव्हा शीड पूर्ण ढिलं पडलं होतं.

डिसोझा सरांनी कागदावर 'पास' लिहिलं. खाली शेरा लिहिला, तो मी खांद्यावरून वाचला: आवाज उत्तम, शब्द जपून वापरावेत. शब्दांचा मुद्दा मॅडमनी तिथल्या तिथे खोडून टाकायला लावला.

केतकी आता आमच्याकडे शनिवार-रविवारची बॅच घेते. तिच्या पहिल्या तासाला कुणी शीड उचलत नाही. सगळे काठावर बसून फक्त पाणी बघतात आणि कुठे काय उभं आहे ते सांगतात. त्यातल्या पहिल्या विद्यार्थिनी मॅडम.

माझ्या सेफ्टीच्या कामात मात्र एक भर पडली. हेल्मेट, जॅकेट, वारा, फेसाचे पट्टे, हे सगळं मी पूर्वीसारखंच तपासतो. पण हिरवा झेंडा चढवण्याआधी आता स्कूटर काढून गावात जातो, गोपाळदादांकडे चहा घेतो आणि विचारतो की आज कुणी कुणाचा मान राखायला म्हणून पाण्यात काही सोडून तर दिलं नाही ना.